कौसा, तुला शुगर नव्हतीच

अगं कौसा, ये. अशी जवळ ये. उंबऱ्याशी उकिडवी बसू नको, कुणी उठवंल म्हणून भ्याल्यावानी. हितं माझ्या शेजारी बस, आन मी बोलते तवर मधी बोलू नको. आठ वर्षं तू सांगत राह्यली आन मी ऐकलं. आता माझी पाळी.

किती खोटं बोललीस गं? आन ते बी कुणाशी, तर माझ्याशी. सीड प्लांटातल्या चाळीस बायांची मी मुकादम. कोण आजारी आहे, कोण नवऱ्याचा मार खाऊन आली, कुणाला दिवस गेलेत, हे मला बाईच्या चालण्यावरून कळतं, अशी माझी घमेंड होती. ती तू अशी मोडली की आता सकाळी हजेरी घेताना बायांच्या तोंडाकडं बघायची लाज वाटती.

सतरा दिवस झाले तुला जाऊन. पहिले आठ-दहा दिवस रडले. आता रडू येत न्हाई, नुसता राग येतो. तुझा येतो, माझा त्याहून जास्त येतो. मोठ्यानं भांडावं तर सून म्हणती, आत्या भिंतीशी बोलून राह्यल्या. म्हणून नातीची वही मागून घेतली. माझं लिहिणं तुला ठाव आहे. शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, बियाण्याच्या पिशव्यांवरची नावं वाचून वाचून अक्षरं शिकले. ज्वारी, बाजरी, कपाशी, भेंडी. त्याच्या पुढचं सगळं अंदाजानं.

तर त्या गोळीपासून सुरू करू.

तू कामाला लागली त्याला महिना बी झाला नसंल. दहाच्या चहाला सगळ्या बाया शेडच्या सावलीत बसल्या होत्या. तू जरा पाठ करून बसली, कमरेची चुन्याची डबी काढली, आन तिच्यातून चुना न्हाई, गोळी काढली. मी बघितलं. मुकादमाचे डोळे, काय करणार.

"काय गं, कसली गोळी?"

तू दचकली. चहा सांडला थोडा. मंग म्हणलीस, "शुगरची, मावशी."

आन मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तू बोलली तेवढं पुरे झालं. मला शुगर निघून दोन वर्षं झाल्ती, घरात एकटीच बिनगुळाचा चहा प्यायचे, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात बुंदी आन माझ्या पानात मीठ. म्हणलं, चला, जोडीदारीण भेटली. तवापासून तू माझी झालीस. चाळीस बायांत "शुगरवाल्या दोघी" म्हणून आपलं नाव पडलं. मला बहीण न्हाई, तुला माय न्हाई. मी काय करू, माझा जीव जडला.

आन जीव जडला की माझं काय होतं, ते तू भोगलंस.

मी तुला कारल्याचा रस पाजला. रोज. घरून बाटली भरून आणायचे, अर्धी मी, अर्धी तू. मी नाक दाबून प्यायचे, अन् तू तोंड बी वाकडं न करता गटागट. मी बाकीच्यांना सांगायचे, बघा, हिला म्हणतात पथ्य. मेथ्या भिजवून आणायचे. भात तुझ्या डब्यातून काढून घ्यायचे. एकदा तर तुझी भाकर मी अर्धी मोडून गाईला घातली, जास्त झाली म्हणून. तू बघत बसली. भूक होती ना गं तुला? खरं सांग. त्या गोळ्या खाऊन कडक भूक लागायची, हे आता मला तुझ्या दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं.

आन ते लाडू. तुला दवाखान्यात सांगितलेलं होतं, अंगात ताकद राहू द्या, शेंगदाणे खा, गूळ खा, अंडी खा, डाळ खा. तू बिचारी शेंगदाण्याचे लाडू करून आणायचीस. लपवून खायचीस. पण माझ्यापासून काय लपतंय!

"कौसे, काय हाय गं मुठीत?"

"काही न्हाई, मावशी. लाडू हाय एक."

"गूळ घातलाय?"

"थोडासा."

"थोडासा म्हणं! पाय कापायची येळ आली का तवा सांग थोडासा. आण हिकडं."

तवर शेजारी बसलेल्या पारूनं हात पुढं केलेलाच. "मावशी, मला न्हाई हो शुगर. मला काहीच न्हाई. माझ्याकडं द्या, वाया जायाला नको."

सगळ्या हसायच्या. तू बी हसायचीस. पारूनं तुझ्या लाडवांवर अंग धरलं आन तुझी गळ्याची हाडं वर आली. मी म्हणायचे, बघा, कौसाची शुगर कशी ताब्यात आली, कशी सडपातळ झाली. संक्रांतीला साऱ्या बायांना तिळगूळ वाटला, तुझ्या तळहातावर ठेवलेला लाडू मी माझ्या हातानं उचलून घेतला आन त्याच्या जागी चार कोरडे तीळ ठेवले. "गोड बोल" म्हणलं वरून.

एकदा बी तुला वाटलं न्हाई का, की सांगावं ह्या म्हातारीला? मला बाजूला घ्यायचं, म्हणायचं, मावशी, शुगर-बिगर काही न्हाई, मला खाऊ द्या. बिमारीचं नाव न्हाई घेतलं तरी चाललं असतं. पण एक खोटं धरलं की त्याच्या मागं मागं जावंच लागतं, न्हाई का. तू माझ्या मायेच्या तावडीत सापडलीस. त्यातून सुटायचं तर खरं सांगावं लागलं असतं, आन खरं सांगायचं तर पोट भरायची जागा जाईल ही भीती.

राग येतो तो ह्याचाच. दुष्टानं छळलं असतं तर तू भांडली असती. मी छळलं मायेनं, आन तू "हो मावशी" म्हणत राह्यली.

तू काम कसं करायचीस ते मी सगळ्यांना सांगते, अजून. दहाला गोळी म्हणजे दहालाच. चहा उशिरा आला तर पाण्यासंगं. महिन्यातला एक खाडा ठरलेला, त्या दिवशी तू येणार न्हाई म्हणजे न्हाई. पारू म्हणायची, "कौसाबाईचा काही तरी नवस हाय, देव कोणता ते सांगून न्हाई राह्यली." तू दवाखान्यात जायचीस, गोळ्या आणायला. दुसऱ्या दिवशी मी झापायचे, "आधी सांगत जा, माझ्यावर सुपरवायझर ओरडतो." तू मान खाली घालून दुप्पट काम करायचीस. आठ वर्षांत ताप म्हणून खाडा न्हाई, अंग दुखतं म्हणून बसली न्हाईस. बाकीच्या बाया ओल्या हातानं काम करायच्या, तू जेवायच्या आधी साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचीस, पाणी घरून उकळून आणायचीस. आम्ही तुला शहाणपण मिरवती म्हणायचो. तुझ्याइतकं तब्येतीला जपून काम करणारी बाई त्या शेडमध्ये दुसरी नव्हती, आन साऱ्यात रोडकी तूच.

मंग ते चाळणीचं.

ही वही कुणी वाचलीच तर त्याला ठाव नसंल म्हणून सांगते, बियाणं आलं की पहिलं मशीनच्या चाळणीवर जातं. काडी, कचरा, फोलपट उडतं. तिथं अशी धूळ असती की समोरची बाई दिसत न्हाई. दुसऱ्या टोकाला पॅकिंग. तिथं पंखा, खुर्ची, साफ हवा. मी तुला चाळणीवर ठेवलं, कारण तुझा हात बराबर चालायचा, मशीन कधी तुंबू द्यायची न्हाईस. शाबासकी म्हणून ठेवलं, असं समज. चांगल्या बाईला वाईट जागा, असंच चालतं आपल्याकडं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तू माझ्या मागं मागं हजेरीच्या टेबलापर्यंत आली.

"मावशी, मला पॅकिंगला बसवता का?"

"का गं?"

"धूळ सोसत न्हाई."

"कुणाला सोसती? मला सोसती? पारूला सोसती?"

"खोकला येतो मावशी."

"धुळीत खोकला न्हाई येणार तर काय गाणं येईल? पदर बांध तोंडाला. अन् खरंच सोसत न्हाई तर डॉक्टरची चिठ्ठी आण. चिठ्ठी आण, उद्या बसवते. उगं तुला बसवलं तर चाळीस जणी माझ्या डोक्यावर नाचतील."

मी काही वाईट बोलले न्हाई. कायद्यानंच बोलले. चिठ्ठी आण, एवढंच. आपल्यातल्याच शिरपतीच्या बायकोनं आणली होती चिठ्ठी, तिच्या कंबरेची, बसवलं तिला. मला वाटलं दोन दिवसात आणशील. तू आणली न्हाईस. मी मनात म्हणलं, बघा, नुसती पंख्याखाली बसायची हौस.

तू चिठ्ठी का आणली न्हाईस ते मला आता कळलं. तुझा डॉक्टर त्या गोळ्या देणाऱ्या सेंटरचा. तुला वाटलं, कागदावर वर ठळक अक्षरात त्या सेंटरचं नाव असंल. आन मुकादम मावशी पिशव्यांवरची अक्षरं वाचत शिकलीय, ती हे बी वाचंल. माझं वाचता येणं तुला नडलं, कौसा.

तू गेल्यावर मी त्या सेंटरच्या मॅडमना भेटले. समुपदेशक म्हणतात त्यांना. तरुण पोरगी आहे, तुझ्याबद्दल बोलताना डोळ्यात पाणी आलं तिच्या. म्हणली, "त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं, शकूमावशी आल्या तर त्यांना सगळं सांगा, म्हणून बोलते. नाहीतर आम्ही कुणाचं कुणाला सांगत नाही." मंग म्हणली, "मावशी, चिठ्ठी मागितली असती तर साध्या कागदावर दिली असती. आजाराचं नाव घालायची गरजच नसते. धुळीपासून लांब ठेवा, एवढी एक ओळ."

एक ओळ, कौसा. तू तिच्याकडं मागितली न्हाई, कारण तुला वाटलं मिळणार न्हाई. मी तुला बिनचिठ्ठीचं बसवलं न्हाई, कारण मला वाटलं तू सोंग करतीस. दोघी शहाण्या.

ती असं बी म्हणली, की दर खेपेला तुला इचारायचे, खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालं का. आन तू दर खेपेला "न्हाई." तिथं बी खोटं! वजनाच्या काट्यावर तरी खोटं बोलता येत न्हाई, पण तू सांगितलंस, पथ्य चालू आहे. पथ्य! माझ्या कारल्याचं! अगं खोकला सांगितला तर थुंकी तपासायला दोन दिवस जातील, दोन खाडे जास्तीचे, मुकादम बोलंल, हे तुझं गणित. प्लांटात तर सगळ्याच खोकतात. चाळीस जणींच्या खोकल्यात तुझा एक खोकला हरवला.

आता त्या शिबिराचं बोलते. हेच बोलायचं होतं, बाकी सगळं इकडंतिकडं फिरणं झालं.

माघात कंपनीनं तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. डोळे, रक्तदाब, बोटातून रक्त काढून शुगर, आन छातीचा फोटो काढायची गाडी गेटात उभी. फुकट. मला किती कौतुक! मी आदल्या दिवशी यादी केली तर पहिलं नाव तुझं लिहिलं. म्हणलं, माझी कौसा वाळत चालली, हिची शुगर नीट बघून घेऊ, दवाखान्याचे हेलपाटे वाचतील. सकाळी डॉक्टर आले, बाया रांगेत उभ्या, आन मी मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत ओरडले, "साहेब, ही कौसाबाई, हिला आधी घ्या. हिला आठ वर्षांची शुगर हाय. रोज गोळी खाती. हिचं बोट आधी टोचा."

तू माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी तवा वाचलं न्हाई. म्हणलीस, "आलेच मावशी, तोंड धुऊन येते."

आन गेलीस. परत आलीच न्हाईस. मी वाट बघितली, मोरीपर्यंत जाऊन आले, टाकीमागं बघितलं. वॉचमन म्हणला, कौसाबाई तर मागच्या गेटनं घरी गेल्या, बरं वाटत न्हाई म्हणल्या. मला एवढा संताप आला! दुसऱ्या दिवशी डब्याच्या वक्ताला सगळ्यांपुढं तुला धुतलं.

"लहान लेकरू हाईस का गं? सुईला भ्याली?"

तू म्हणलीस, "हो मावशी. सुईला भेते."

पारू म्हणली, "शुगरवाली अन् सुईला भेती, हे म्हणजे नवलच." परत सगळ्या हसल्या. मी बी.

दर सहा महिन्याला शिरेतून नळीभर रक्त देणारी बाई तू. सुईला काय भेतीस! तुला भ्या होतं माझ्या तोंडाचं. बोट टोचलं असतं, शुगर शंभराच्या आत निघाली असती, आन मी तिथंच, चाळीस बायांच्या मधोमध बोंबलले असते, "आँ? शुगर न्हाई? मंग गोळ्या कसल्या खाती गं तू?" बोंबललेच असते. मी माझ्या तोंडाला ओळखते. तुला बी ते बराबर ओळखता आलं.

आन ती फोटोची गाडी, कौसा, ती तिथं चार तास उभी होती. शिरपतीच्या बायकोच्या छातीत डाग दिसला, तिला लगेच टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, आज ती ठणठणीत आहे, काल माझ्याशी भांडली बी. तुझा डाग कुणी बघितला न्हाई. माझी यादी नसती, माझं ओरडणं नसतं, तर तू गुपचूप रांगेच्या शेवटी फोटोपुरती उभी राह्यली असतीस. मी हे रोज मनात उलटून बघते. प्रत्येक वेळेला तू रांगेत उभी असतीस, आन प्रत्येक वेळेला मी ओरडते.

आखाडात तू कामावर यायची बंद झाली. तुझी दीपा माझ्या घरी आली, कॉलेजची बॅग तशीच पाठीवर. "आजी, आईनं बोलवलंय. तुम्हालाच बोलवलंय." सरकारी दवाखान्यात, कोपऱ्यातल्या खाटेवर तू. मी तुला ओळखलं ते पायाच्या बोटावरच्या जुन्या जोडव्याच्या वळावरून, तोंडावरून न्हाई. दीपानं मला मास्क दिला. खाटेच्या शेजारी कपाटावर एक हिरवं पुस्तक होतं, दवाखान्याचं. तू बघून राह्यली होती की मी ते कधी बघते.

"हे काय गं?"

"वाचता येतं तुम्हाला. वाचा की."

वाचलं. एकेक अक्षर लावत वाचलं, एच आय व्ही. दोनदा वाचलं.

"म्हणजे शुगर न्हाई तुला?"

"न्हाई मावशी."

"कधीच नव्हती?"

"कधीच."

"आन माझा कारल्याचा रस?"

"लई कडू असायचा हो," म्हणलीस, आन हसलीस. हसली तर खोकला आला, खोकला आला तर दीपा धावली.

तवा तू मला शहागडचं सांगितलं. तुझे मालक गेल्यावर सासरच्यांनी तुझं ताट, वाटी, तांब्या अंगणात नेऊन ठेवला. जेवण वरून वाढायचे, लांबून. पोरीला तुझ्याजवळ झोपू द्यायचे न्हाई, पोरीला काही नव्हतं तरी. सहा महिने तू गोठ्याच्या पडवीत जेवली. मंग पोरीला घेऊन जालन्याला आली, आन ठरवलं की आता हे कुणाला सांगायचं न्हाई. तुला ते कुठून आलं, कसं आलं, मी इचारलं न्हाई. तू बी सांगितलं न्हाई. त्यानं काय फरक पडतो, सांग.

मंग तू ते इचारलंस. हात माझ्या हातात होता, मास्कातून आवाज नीट येत नव्हता, पण मला नीट ऐकू आलं.

"मावशी, पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही मला तुमच्या पंगतीत बसू दिलं असतं का?"

मी म्हणलं, "झोप आता. दमलीस."

दुसऱ्या दिवशी मी लवकर निघाले होते, पण काळीपिवळी जीप भरेपर्यंत उशीर झाला. मी पोचले तर खाट रिकामी होती.

पुढचं ऐक, लाज वाटती पण सांगते. तुझं पुस्तक वाचून घरी आले त्या दिवशी मी नळावर उभी राहून कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा. तुझ्या घरून आलेला स्टीलचा डबा माझ्या मांडणीवर होता, तो उचलून मागं परसात ठेवला. हे मीच केलं. सुनेनं न्हाई, शेजारणीनं न्हाई. हात धुताना मला रडू बी येत होतं आन मी धूत बी होते.

आन प्लांटात बातमी पोचलीच. कुणाची तरी भाची त्या दवाखान्यात झाडायला आहे. पारूनं पहिलं काय केलं? पाण्याचा माठ फोडला. "ती ह्याच माठातलं प्यायची, मावशी!" अगं, तू तर घरून उकळलेलं पाणी आणायचीस, त्या माठाला तोंड बी लावलं नव्हतंस आठ वर्षांत. आन जी तुझे लाडू खाऊन जाडजूड झाली ती तोंडात बोटं घालून ओकायला गेली. तुझी चाळणीची जागा फिनेलनं धुतली. तुझं स्टूल बाहेर टाकलं, ते मी आत आणलं. त्यावर मी बसले, दिवसभर. त्यात माझा मोठेपणा काही न्हाई, तो परसातला डबा मला टोचत होता.

त्या मॅडमला मी प्लांटात बोलवून आणलं. तिनं समजावलं, संगं जेवून, संगं बसून, एका ग्लासानं पाणी पिऊन ही बिमारी लागत न्हाई. गोळ्या बराबर घेतल्या तर माणूस पिकलं पान होईपर्यंत जगतं, काम करतं. पण कौसाबाईंना टीबी होता, तो हवेतून लागतो, तर तुम्ही सगळ्यांनी थुंकी तपासून घ्या. आता बघ गंमत. माठ फोडायला चाळीस जणी. थुंकी तपासायला गेल्या सहा. बाकीच्या म्हणतात, आमचा खोकला धुळीचा आहे. मी त्यांच्यावर ओरडले, हातापाया पडले, हजेरी मांडणार न्हाई म्हणून धमकी दिली. तवा आणखी अकरा गेल्या. पारू अजून गेली न्हाई. काल चाळणीवर ती खोकताना मी ऐकलं. तिला मी पॅकिंगला बसवलं. चिठ्ठी न मागता. बाकीच्या माझ्या डोक्यावर नाचल्या, नाचू दे. उद्या हाताला धरून थुंकी द्यायला नेते तिला, शिव्या देत देत.

आता तुझ्या सवालाचं उत्तर. तवा झोप म्हणून टाळलं. मेलेल्या माणसाशी तरी खरं बोलावं.

न्हाई, कौसा. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर मी तुला पंगतीत बसू दिलं नसतं. गोड बोलून, पाठीवरनं हात फिरवून गेटाबाहेर काढलं असतं, आन वर म्हणलं असतं, बाई, तुझ्याच भल्यासाठी. तू बराबर ओळखलं होतं मला. त्या खोट्यावर तू आठ वर्षं कमावलं, खोली घेतली, दीपाला बारावी केली. खोटं बोललीस ते ठीक केलंस.  तुला मारलं त्या बिमारीनं न्हाई. ती तर तुझ्या गोळीच्या डबीत गुमान बसली होती. आम्ही कसे आहोत हे तुला पक्कं ठाव होतं, त्या ठाव असण्यानं तुला मारलं.

एवढं सगळं कळतंय तरी राग जात न्हाई बघ. शेवटच्या वर्षी तरी सांगायचं होतंस. आठ वर्षांनी मी तीच राह्यले असते का? एकदा अजमावून बघायचं होतंस म्हातारीला. कदाचित मी बदलले असते. कदाचित न्हाई. आता ते कसं कळणार, दोघींना बी?

दीपा हसनाबादला तुझ्या भावाकडं गेली. मी फोन करते, ती "हो आजी, बरं आजी" म्हणती आन ठेवती. तुझ्याच वळणाची आहे, पोटातलं पोटात. तिला ह्या दिवाळीला घेऊन येणार आहे, तिनं न्हाई म्हणलं तरी.

आन तू. भादवा लागला की घरोघर पित्तरं सुरू होतील. मी पुरोहिताला इचारलं, तर म्हणला, ती तुमच्या नात्यातली न्हाई, तुमच्या घरी तिचं पान कसं वाढणार. नसू दे त्याच्या पोथीत. आमच्या सगळ्यांची पानं मांडली की माझ्या शेजारी एक मांडते. वरून वाढणार न्हाई, वाकून, हातानं वाढीन, आन आधी घास तुझ्या पानातला घेईन. सुनेला सांगून ठेवलंय, तिनं एक ताट जास्तीचं घासून ठेवलं. दुपारच्याला ये, सगळे घरात असतात तवा. वाट बघायला लावू नको गं आता, जल्दी ये.